उतरती भट्टी : 28 लिटरच्या ओटीजीच्या नोंदी

10 ऑगस्ट 2025, रविवार

बेकरीवाल्या चाचांची भट्टी बंद झाली. दुकान चालू आहे, पण माल बाहेरून येतो. मागची लाकडाची भट्टी मुलानं पाडली आणि तिथं गोदाम केलं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची दिवाळीची नानकटाई त्या भट्टीतून भाजून यायची. घरून मैदा, तूप, पिठीसाखर न्यायची, तिथल्या लांब टेबलावर मळायची, पत्र्याच्या ट्रेवर लावायची, ट्रेच्या कडेला नावाची चिठ्ठी, आणि नंबर येईस्तोवर बाकड्यावर गप्पा. आई चार किलो मैद्याची करते. दोन्ही बहिणींकडे, शेजारी, माझ्या कारखान्यात, सगळीकडे डबे जातात.

आता काय करायचं, म्हटल्यावर बायको म्हणाली, "माळ्यावर ओटीजी आहे की ओ." वास्तुशांतीला आलेला विजेचा छोटा ओव्हन, 28 लिटर, 1500 वॅट. वर दोन रॉड, खाली दोन रॉड, आत पंखा नाही. आजवर त्यात दोन पिझ्झे आणि एक केक झालाय. केकबद्दल घरात कुणी बोलत नाही.

17 ऑक्टोबरला वसुबारस. तोवर या डब्यातून चाचांसारखी नानकटाई निघाली पाहिजे. आईच्या अटी तीन : वर भेगा, खाली बदामी, आणि तोंडात टाकली की विरघळली पाहिजे.

आज पहिली खेप. नॉब 180वर, बत्ती विझल्यावर ट्रे आत, 15 मिनिटं. मागच्या ओळीची बुडं काळी, पुढची ओळ पांढरी, मधल्या दिसायला बऱ्या पण आत कच्च्या. आई काही बोलली नाही. सुरीनं काळं खरवडलं आणि चहाबरोबर खाल्ली. बोलली असती तर बरं झालं असतं.

12 ऑगस्ट

मी टॉवेलच्या कारखान्यात स्टेंटर (कापड ताणून सुकवणारं मशीन) आणि ड्रायरची देखभाल बघतो. तिथं ड्रायरचं तापमान दोन अंश सरकलं तरी माझ्या नावानं हाका सुरू होतात, आणि घरी मी नॉबवरच्या छापील आकड्यावर विश्वास ठेवून बसलो. मल्टिमीटर आणि के-टाइप थर्मोकपल, म्हणजे टोकाशी तापमान मोजणारी वायर, घरी आणलं (सांगून आणलंय).

आधी मीटरच तपासला. बर्फाच्या पाण्यात 1 अंश. उकळत्या पाण्यात 98. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, इथं पाणी शंभराला नाही, साधारण साडेअठ्ठ्याण्णवला उकळतं. म्हणजे मीटर बरोबर आहे.

15 ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. झेंडावंदन करून आलो आणि दुपारभर ओव्हनसमोर स्टूल टाकून बसलो. वायर दाराच्या फटीतून आत, टोक जाळीच्या मध्यावर हवेत लोंबतं ठेवलं. ट्रे नाही, काही नाही, रिकामा ओव्हन, नॉब 180वर. दर 30 सेकंदांनी आकडा मुलीनं वहीत लिहिला.

6 मिनिटं 40 सेकंदांनी खटका पडला, बत्ती विझली. मीटरवर 189. चांगलं आहे म्हणेपर्यंत आकडा वर चढतच राहिला, कारण रॉड बंद झाले तरी लाल होते. 214ला जाऊन थांबला. मग उतरणीला लागला. 151 आले तेव्हा कुठं थर्मोस्टॅटला (ताप बघून रॉड चालू-बंद करणाऱ्या खटक्याला) जाग आली आणि रॉड परत पेटले. अर्ध्या तासानंतर झोके थोडे लहान झाले : 205 ते 158. सरासरी काढली तर 182.

यात गंमत अशी की सरासरी बरोबर आहे. नॉब खोटं बोलत नाही. पण 214 आणि 151 ची सरासरी नानकटाईला कळत नाही, तिला त्या त्या मिनिटाचंच ऊन लागतं.

दुसरी मोजणी. दार 20 सेकंद उघडं ठेवलं, म्हणजे ट्रे आत सारायला लागतो तेवढा वेळ. 183 वरून 118. दार मिटल्याबरोबर खटका, चारही रॉड लालभडक, आणि सलग पावणेचार मिनिटं पेटलेले. रविवारी काय झालं ते इथं दिसलं. बत्ती विझली तेव्हा फक्त हवा तापली होती. पत्रा, जाळी, काच, सगळं अजून निम्मं गार. दार उघडलं, हवा गेली, शिल्लक काही नाही. मग ओव्हननं पहिलं काम काय केलं, तर कच्च्या नानकटाईच्या बुडाखाली चार मिनिटं लाल रॉड धरला.

आई मागून : "काय करायलास रे, सारखं दार उघडून? आत काही नाही तर."

17 ऑगस्ट, रविवार

ब्रेडची चाचणी. जाळीवर सहा स्लाइस, 180, आठ मिनिटं. मागचा डावा कोळसा, मागचा उजवा करपट तपकिरी, मधले दोन ठीक, पुढचा डावा पिवळसर, पुढचा उजवा जसाच्या तसा. दाराची काच पातळ आहे आणि उजव्या बिजागरीजवळ फट आहे. वहीचा कागद आरपार जातो. मुलगी म्हणाली, "बाबा, मागचा डावा म्हणजे आपला मे महिना आणि पुढचा उजवा म्हणजे महाबळेश्वर." ओव्हनच्या वर पेन्सिलीनं तसंच लिहून ठेवलं.

निष्कर्ष : निम्म्या वेळी ट्रे फिरवायचा. पण फिरवायला दार उघडावं लागतं, आणि दार उघडलं की काय होतं ते शुक्रवारी बघितलंच. तरी फिरवायचा, पण 8 सेकंदांत. हातमोजे आधीच हातात हवेत, नंतर शोधायचे नाहीत.

24 ऑगस्ट

एक्स्टेंशन बोर्ड वितळला. चूक माझी. 1500 वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, आणि बोर्ड टीव्ही-चार्जरवाला. कारखान्यात दुसऱ्यानं असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. आता फ्रिजशेजारच्या 16 अँपिअरच्या सॉकेटला थेट जोडलाय.

27 ऑगस्ट

गणपती आले. उकडीच्या मोदकाला ओव्हन लागत नाही. दहा दिवस काम बंद.

7 सप्टेंबर, रविवार

आज करू म्हटलं तर रात्री खग्रास चंद्रग्रहण. दुपारपासून वेध, आईनं चूल बंद केली. मी म्हटलं, ओव्हन म्हणजे चूल नव्हे. तिनं नुसतं बघितलं. काल विसर्जनाला ढोलाच्या मागं चालून पाय दुखत होते, झोपलो.

14 सप्टेंबर, रविवार

चाचांकडे गेलो. गल्ल्यावर मुलगा होता, चाचा बाहेर खुर्ची टाकून बसलेले. बुडं जळतात म्हटल्यावर पहिला प्रश्न : "नानकटाई कधी टाकता?" मला वाटलं वेळ विचारतायत. "संध्याकाळी," म्हटलं. हसले.

मग त्यांनी भट्टीचा पूर्ण दिवस सांगितला. पहाटे आत लाकूड पेटवायचं. विटा भरपूर तापल्या की निखारे बाहेर ओढायचे आणि लांब बांबूला बांधलेल्या ओल्या पोत्यानं तळ पुसायचा. त्या क्षणापासून भट्टीत आग नाही. जे काही भाजायचं ते विटांनी पिऊन ठेवलेल्या उष्णतेवर. आधी पाव, कारण त्याला जोर लागतो. पावाचे दोन-तीन घाणे निघाले, भट्टी जरा उतरली, की नानकटाई. आणि सगळ्यात शेवटी, रात्री, टोस्ट सुकायला, सकाळपर्यंत.

"पावाला भट्टी जवान लागते, नानकटाईला म्हातारी," चाचा म्हणाले. ओळखायचं कसं, तर तळावर चिमूटभर मैदा टाकायचा. लगेच काळा पडला तर थांबायचं. सावकाश बदामी झाला तर ट्रे आत. थर्मामीटर त्यांनी आयुष्यात घेतला नाही.

परत येताना स्कूटरवर हिशेब करत होतो. त्यांच्याकडं काही टन विटा, उष्णता एकदाच भरायची आणि दिवसभर उतरू द्यायची. माझ्याकडं पातळ पत्र्याचा डबा, उष्णता साठत नाही म्हणून रॉड दर दोन मिनिटांनी उठून परत पेटतो. त्यांची नानकटाई उतरत्या तापात भाजते, माझी चढत्या. मी महिनाभर नॉबच्या आकड्यामागं लागलो होतो.

16 सप्टेंबर

वजन हवं. अंगणातल्या फरशीकामातला शहाबादीचा एक तुकडा पडून होता, तो धुऊन खालच्या जाळीवर ठेवला. 20 मिनिटांनी आतून फटाक्यासारखा आवाज. फरशीचे दोन थर वेगळे झाले आणि एक कपची काचेवर आपटली. नशीब, काच शाबूत. दगड महिनाभर पावसात पडलेला, वर मी परत धुतला. आतल्या पाण्याची वाफ झाली, तिला बाहेर पडायला वाट नाही. हे कुणी करू नये. सुकवून केलं असतं तर कदाचित चाललं असतं, पण आता माझी छाती नाही.

21 सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. स्वयंपाकघर दिवसभर आईच्या ताब्यात, मला ओव्हन रात्री मिळाला.

बिडाचा तवा घेतला, आईच्या जुन्या भाकरीच्या तव्यांपैकी, 2 किलो 600 ग्रॅम. किलोमागं बीड दगडाच्या निम्मीच उष्णता साठवतं, पण फुटत नाही आणि पसरवतं छान. खालच्या रॉडच्या वरच्या खाचेत जाळी, जाळीवर तवा. त्याच्यावर एक खाच सोडून ट्रेची जाळी.

नॉब 180. तापायला 35 मिनिटं लागली, आधी सात लागायची. पण त्यानंतर झोका 193 ते 168. दार 20 सेकंद उघडलं : 180 वरून 139, आणि दोन मिनिटांत रॉड न पेटता 161 पर्यंत आपोआप परत. तेवढे अंश तव्यानं दिले. आणखी एक फायदा जो मी धरला नव्हता : तवा मध्ये असल्यामुळं खालच्या रॉडची लाल नजर ट्रेला लागत नाही.

ट्रेही बदलायचा. सोबत आलेला ट्रे काळ्या एनॅमलचा आहे, काळा पृष्ठभाग उष्णता ओढून घेतो. कारखान्यात पडलेला ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा आहे दीड मिलिमीटरचा, त्याचा कापून घेतो. चारही बाजूंनी तीन सेंटिमीटर मोकळे सोडायचे, नाहीतर ट्रे म्हणजे ओव्हनच्या मधोमध घातलेला माळा होतो आणि वरची हवा वर, खालची खाली.

24 सप्टेंबर

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. सीनेला पूर आलाय, मोहोळकडच्या दोघा कामगारांची घरं पाण्यात, कारखाना निम्मा रिकामा. चारलाच घरी आलो.

नवीन ट्रेवर सव्वाशे ग्रॅम मैद्याची छोटी खेप लावली. आत घालून सहा मिनिटं होतात न होतात तोच लाइट गेली. दार उघडायचा मोह झाला, उघडलं नाही. मीटर बॅटरीवर चालतो, टॉर्च धरून आकडे बघत बसलो : 176, 168, 159, 150. लाइट आली तब्बल 40 मिनिटांनी, तोवर 20 मिनिटं धरून बाहेर काढल्या होत्या.

वरून फिक्या. भेगा अर्धवट. पण बुड! सगळ्या बाराच्या बारांचं बुड एकसारखं, फिकट बदामी, मागच्या डाव्या कोपऱ्यातलंही. आणि आतून कोरडी, कच्ची एकही नाही. आईचे नवरात्राचे उपवास, त्यामुळं तिनं चाखली नाही, मधोमध मोडली, रवाळ चुरा तळहातावर पडला तो बघितला आणि म्हणाली, "हां. आता जवळ आलास."

28 सप्टेंबर, रविवार

लाइट जायची वाट न बघता तेच करायचं कसं? नॉब 200वर ठेवून तव्यासकट 40 मिनिटं तापवला. ट्रे आत सारला आणि त्याच हातानं नॉब 160वर आणला. दार उघडूनही आतलं तापमान 160च्या वर आहे, त्यामुळं खटका पडत नाही, रॉड झोपलेले. पहिली सहा मिनिटं नुसत्या साठलेल्या तापावर. सुरुवात 178च्या आसपास. भेगा पडायला हा सुरुवातीचा जोर लागतो, वरची साय सुकायच्या आत पोट फुगलं पाहिजे. मग उतरत उतरत 160. दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवला. एकूण 18 मिनिटं.

भेगा पडल्या. बुडं बदामी. पण सगळ्या पसरून चपट्या, पुरीसारख्या.

हा ओव्हनचा दोष नाही, हे कळायला मला अर्धा तास लागला आणि आईला एक नजर. "तूप पातळ होतं." मी घाईत तूप गरम करून ओतलं होतं. आईची पद्धत : घट्ट रवाळ तूप परातीत घ्यायचं, पिठीसाखर घालायची आणि तळहातानं फेसत राहायचं, पांढरं आणि हलकं होईपर्यंत, वीस मिनिटं तरी. तिच्या मनगटाला आता होत नाही म्हणून मी केलं. तळहाताची ऊब लागून तूप परत सैल व्हायला लागलं की परात पाच मिनिटं गार पाण्यावर ठेवायची. दुसऱ्या खेपेला गोळे लावून ट्रेच फ्रिजमध्ये 20 मिनिटं ठेवला. पहिल्या खेपेतली नानकटाई 68 मिलिमीटर रुंद झाली होती, ही 54. उंची जवळपास दुप्पट.

प्रमाण लिहून ठेवतो, कारण आई "अंदाजानं" म्हणते : मैदा 1 किलो, पिठीसाखर 600 ग्रॅम, तूप 600, बेसन 150, बारीक रवा 100, बेकिंग पावडर दोन चहाचे चमचे, वेलची, चिमूट मीठ. गोळा 24 ग्रॅम.

5 ऑक्टोबर

आज काहीच जमेना. संध्याकाळी सातला 40 मिनिटं तापवूनही आत 171. मीटर सॉकेटला लावला तर व्होल्टेज 198. 230 च्या जागी 198 म्हणजे 14 टक्के कमी, पण रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते : 1500 वॅटचा ओव्हन 1110 वॅटचा झालेला. ऑगस्टमध्ये मी संध्याकाळी केलेल्या सगळ्या खेपा आता संशयास्पद. सकाळी अकराला मोजलं तेव्हा 229 होतं. भाजायचं ते सकाळी.

8 ऑक्टोबर

समोरच्या काकूंनी विचारलं, आमच्या ओव्हनचं पण बघून दे. त्यांच्याकडं मीटर नाही आणि माझा कायम द्यायचा नाही. साखरेची युक्ती करून दिली. साखर साधारण 186 अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर, नॉब 180, चांगला तापलेला ओव्हन, 15 मिनिटं. वितळायला नको. मग 190, परत 15 मिनिटं. वितळायला हवी. त्यांची 170लाच पाणी झाली. म्हणजे नॉब किमान पंधरा अंश कमी दाखवतो. काकूंनी नेलपॉलिशनं नॉबवर नवी खूण केली.

12 ऑक्टोबर, रविवार

रंगीत तालीम, एक किलो मैदा. 102 नग झाले. ट्रेवर बारा बसतात, त्याहून जास्त लावल्या की एकमेकींना चिकटतात. नऊ खेपा. दोन खेपांमध्ये नॉब परत 200वर नेऊन दहा मिनिटं तवा भरून घ्यावा लागतो, ते चुकवलं तर पुढच्या खेपेला भेगा नाहीत. पहिल्या तापवण्यासकट पाच तास. विजेच्या मीटरवर सव्वातीन युनिट.

दोन जाळ्यांवर दोन ट्रे करून बघितले. वरचा करपला, खालचा वाफाळला. सोडून दिलं.

चार किलो म्हणजे वीस तास. चाचांकडं हे बाकड्यावर बसल्या बसल्या व्हायचं. आईशी वाटाघाटी होऊन आकडा अडीच किलोवर आला. कारखान्याचा डबा यंदा लहान.

16 ऑक्टोबर

काल आणि आज रजा. सकाळी साडेनऊला सुरू, दुपारी अडीच-तीनला बंद, बाकीचं रात्री दहानंतर, कारण तेव्हा व्होल्टेज परत 220च्या वर येतं. 250 नग. टाकाऊ नऊ, त्यातले चार मी फोनवर बोलत असताना.

संध्याकाळी आईनं एक डबा चाचांकडं पाठवला. मीच घेऊन गेलो. त्यांनी एक उचलली आणि चव घ्यायच्या आधी उलटी करून बुड बघितलं. मग खाल्ली. दुसरी घेतली, तीही उलटी करून बघितली. "वेलची जास्त हाय," म्हणाले, आणि डबा मांडीवर ठेवून झाकण लावलं.

शेवटचा ट्रे रात्री 11:40ला काढला. ओव्हन बंद. आत तवा अजून 150ला. आईनं चार पातळ ज्वारीच्या भाकरी तीळ लावून थापल्या, तव्यावर शेकल्या आणि जाळीवर मांडून दार मिटलं. कडक होतात का बघू.

17 ऑक्टोबर, वसुबारस

तीन भाकरी कडक, खळ्ळकन मोडतात. पुढच्या उजव्या कोपऱ्यातली अजून वाकते.